रिंगरोडने पुण्याचे प्रदूषण ‘कायमचे’ संपणार नाही

पुण्याभोवतीचा रिंगरोड झाला की शहरातले प्रदूषण कायमचे संपेल, त्यात जाणारी जमीन पडीकच आहे एका झाडामागे दहा झाडे लागणार आहेत आणि विरोध करणारे विकासाचे शत्रू आहेत, असा मजकूर सध्या फिरतो आहे. काल तो आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर पाठवला. मामा वारज्यात देहूरोड–कात्रज बाह्यवळण मार्गालगत राहतात आणि मामी रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावरची काजळी ओल्या फडक्याने पुसतात. तो मजकूर खरा नाही हे त्यांनाही पटावे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

‘कायमचे’ हा शब्द सर्वांत घातक आहे. ट्रक स्वारगेट–शिवाजीनगरातून जाऊ नयेत म्हणून देहूरोड–कात्रज हा बाह्यवळण मार्ग झाला आणि जुन्या मार्गावरच्या वस्तीची डिझेलच्या धुरातून बऱ्याच अंशी सुटका झाली, हे मान्य करावेच लागेल. पण रस्त्यामागोमाग गृहसंकुले आली, 2021 मध्ये नऱ्हे, सूस, बावधन बुद्रुक ही गावे महापालिकेत आली आणि शहराबाहेरचा रस्ता शहराच्या पोटात गेला. आज याच मार्गावरच्या नवले पुलाजवळ कंटेनर आणि शाळेच्या बस एकाच कोंडीत इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. ड्युरॅन्टन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकी शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महामार्ग ज्या प्रमाणात वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांचा एकूण प्रवासही वाढतो, असे त्यात आढळले. पुणे म्हणजे अमेरिका नव्हे, पण वारज्यात राहणाऱ्याला हे नवे वाटू नये.

जमीन पडीक असल्याचे म्हणणे तर धडधडीत खोटे आहे. पश्चिमेला मुळशीची भातखाचरे आहेत. पूर्वेला पुरंदरच्या माळरानांवर लांडगा आणि खोकड वावरतात. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, असे लिहिल्याने ती निर्जीव ठरत नाहीत. 110 मीटर रुंदीचा रस्ता म्हणजे दर किलोमीटरला 11 हेक्टर जमीन, शिवाय रस्त्याच्या भरावाखालून पाणी जाण्यासाठीची मोरी अपुरी ठेवली तर ओढ्याचे पाणी वरच्या शेतात तुंबते, ते वेगळेच.

राहिली झाडे. ज्या वडाच्या ढोलीत पिंगळा राहतो, त्याची जागा जाळीतल्या काठीएवढ्या रोपाने घ्यायला दोन पिढ्या लागतील, आणि तेही पहिले काही उन्हाळे त्याला पाणी मिळाले तर.

विरोधक विकासाचे शत्रू आहेत, या वाक्याला उत्तर देण्याची गरज नाही. नव्या रस्त्याच्या कडेने किती अंतरापर्यंत बांधकामाला मनाई राहील, याबद्दल मात्र त्या मजकुरात एक ओळही नाही, आणि वारज्याचे जे झाले ते पुन्हा होणार की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.