खुलासा : मानसोपचाराचा केसपेपर कॉलेजला जात नाही

‘सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) मानसोपचाराचा केसपेपर काढला की घरी आणि कॉलेजला कळवतात,’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके : जीवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश वगैरे. वय १८ पूर्ण असेल तर हे अपवाद सोडून आईवडिलांनाही तुमच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. त्याहून लहान असाल तर उपचारात पालक लागतात. कॉलेजचा मात्र तिथेही संबंध नाही. महिनाभर झोप उडालीय, जेवण जात नाही, पोरगं खोलीबाहेर येत नाही, आणि अशा मेसेजपायी दवाखाना टाळला जातो, याचा फार त्रास होतो. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ : मोफत, चोवीस तास, मराठीतही.