पावनं, दोन वडापाव!

काल सकाळी सहाला माझ्या खिडकीच्या काचेवर पन्नासची नोट आपटत कुणीतरी ओरडलं, "पावनं, दोन वडापाव!"

खिडकी कॅरॅव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या घराची. सोळा फुटी. पन्हाळ्याच्या बाजूला घेतलेल्या मोकळ्या रानात ती उभी आहे. वीज नाही, बोअर नाही, आणि पक्कं बांधायचं तर आधी परवानगीची कागदपत्रं. म्हणून पुण्याहून जीपला जोडून हे घर ओढत आणलं. खंबाटकीच्या चढाला जीपचे काय हाल झाले ते विचारू नका.

"मामा, गाडा नाही हा. मी राहतो इथं."

मामा डेअरीला दूध घालून परतत होते. त्यांनी रिकाम्या किटल्यांसकट मोटरसायकल स्टँडला लावली, तेव्हाच माझी सकाळ गेली.

"ह्यात? भावांनी वाटणी दिली न्हाई व्हय?"

"दिली की. हौसेनं राहतो."

"आणि मालकीण?"

"पुण्यात."

"आसं हाय व्हय." हे त्यांनी अशा सुरात म्हटलं की माझा संसार तिथल्या तिथं मोडला.

मग मुंडकं खिडकीतून आत. "सैपाक हितं. आणि त्ये दार?"

"संडास."

मामा बराच वेळ गप्प. "चुलीपासनं दोन हातावर?" नोट घडी घालून खिशात गेली. "तरीच वडा न्हाई."

जाता जाता जोडणीच्या आकड्याला लाथ मारून बघितली. मी सांगायला गेलो की मागच्या गाडीचं 10 ते 15 टक्के वजन या आकड्यावर यावं लागतं, नाहीतर वेगात ती शेपूट हलवायला लागते.

"आमी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडतो. वजन कारखान्यावर बघतो."

इथं मात्र माझं डोकं फिरलं. गळीत हंगामात त्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्याशिवाय, दोन्हीकडून ऊस लोंबत बिनधास्त जातात. माझ्या गाडीला दिवे, रिफ्लेक्टर, कागद, सगळं आहे, तरी हायवेवर मलाच बाजूला घेतलं आणि "हे नक्की काय आहे?" यावर अर्धा तास घालवला.

संध्याकाळी मामा चौघांना घेऊन हजर. "आत संडास हाय म्हटलं तर पटंना ह्यास्नी."

चप्पल कुणीच काढली नाही. एकानं "पाणी येतंय का बघू" म्हणून फ्लश दाबला. ते पाणी मी गावातल्या नळावरून कॅननं वाहून आणतो, हे सांगेपर्यंत दुसऱ्यानंही दाबला.