किडनीतला 'गॅस' ओवा-सोड्याने जात नाही : एक खुलासा

'किडनीत गॅस झालाय, म्हणजे पोटातला गॅस वर चढलाय. खायचा सोडा आणि ओवा घ्या, स्कॅन करू नका, त्याच्या औषधाने उरलीसुरली किडनी जाते' असा मेसेज डायलिसिसच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

या आजाराचं नाव एम्फिसेमॅटस पायलोनेफ्रायटिस. दुर्मिळ, पण जिवावर बेतणारा. ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जंतू किडनीतच साखर आंबवतात आणि तिथेच वायू तयार होतो; पोटाचा यात संबंध नाही. म्हणूनच मधुमेह असलेल्यांना धोका जास्त. तैवानमधल्या 2000 सालच्या अभ्यासात 48 पैकी 46 रुग्ण मधुमेही होते.

स्कॅनची भीती मात्र समजण्यासारखी आहे. क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात साठणारा घटक) वाढलेल्या माणसाला शिरेतून द्यायच्या डायबद्दल, म्हणजे स्कॅनचं चित्र स्पष्ट यावं म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाबद्दल, डॉक्टरही जपून असतात. पण वायू डायशिवायच्या साध्या सीटीतही स्पष्ट दिसतो, किडनीच्या जागी काळे बुडबुडे. सोनोग्राफीत तो कधी आतड्यातल्या वायूसारखा भासून निसटतो.

उपचार म्हणजे शिरेतून अँटिबायोटिक, साखरेवर ताबा, गरज पडल्यास पाठीतून नळी घालून पू काढणं. किडनी काढावीच लागते असंही नाही. सोड्यात सोडियम असतं, आधीच सूज असलेल्याला तो त्रासच देईल.

मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका. थंडी वाजून ताप, कंबरेच्या एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवी कमी होणं : त्याच दिवशी दवाखाना गाठा.