सांगून घ्या, देतो आम्ही

जुलैत ठाण्याला आले होते, तेव्हा बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही सहाजण नौपाड्यातल्या एका छोट्या मालवणी हॉटेलात जेवायला गेलो. मी ११ वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला असते. तिथे सुरमई मिळते, पण बाबांच्या शेजारी बसून खायला मिळत नाही.

"सुरमई ताजी आहे ना रे?" बाबांनी विचारलं.

"आजचीच आहे, काका."

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, मासेमारी बंद असते. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे, त्यांना हे कोणी सांगायला नको. तरी त्यांनी विश्वास ठेवला. तुकडी आली ती वरून रव्यानं कुरकुरीत, आत भुसभुशीत, काट्याजवळ पिवळट. सरळसरळ बर्फातली. सोलकढीत आमसूल कमी आणि रंगच जास्त. बाबांनी अर्धी तुकडी ताटात तशीच ठेवली. ताटात काही टाकलेलं त्यांना कधी चालत नाही.

मग बिल आलं. सहा थाळ्या ४५० प्रमाणे २,७०० रुपये. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, २७०. आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी.

दादा लगेच तापला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, की हा चार्ज आपोआप बिलात धरायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध गेल्या, तर दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या. सगळं त्याला पाठ. वहिनीचं म्हणणं, वाढणाऱ्या पोरांना तेवढेच चार पैसे मिळतात. आई म्हणाली, "जाऊ दे रे, वाढदिवसाला वाद नको."

हा वाद मी तिकडून फोनवरही ऐकते, आणि दर वेळी तो चार्ज द्यायचा की नाही इथंच थांबतो. घेतलेले पैसे जातात कुठे, हे कोणी विचारत नाही. लंडनमध्येही कितीतरी ठिकाणी साडेबारा टक्के बिलात आधीच धरलेले असतात, आणि काढा म्हणायला तिथेही जीभ रेटत नाही. तिकडचं सगळं बरं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदा आहे: टिप आणि सर्व्हिस चार्ज कामगारांनाच द्यायचा, मालकानं त्यातलं काही ठेवायचं नाही, वाटणी कशी करतो ते लेखी ठेवायचं. वहिनीच्या मनात जे होतं, ते तिथे कागदावर आहे. मला आपल्याकडे हे हवंय.

वाढणाऱ्या मुलालाच मी विचारलं, यातलं तुला काय मिळतं?

"काही नाही, ताई. टिप ठेवली तर ती डब्यात जाते, महिन्याला वाटतात."

मी गल्ल्यावर गेले. "सिस्टीममध्येच आहे, मॅडम," मॅनेजर म्हणाला. मी काढा म्हटलं, पुन्हा म्हटलं, तेव्हा दोन मिनिटांत दुसरं बिल निघालं: २,८३५ रुपये. आधीचं ३,११८ रुपये ५० पैशांचं होतं. मागितलं म्हणून निघालं. आमच्या आधी उठलेल्या टेबलांनी तो चार्ज भरला असणार. डब्यात टाकायला मी ३०० रुपये त्या मुलाच्या हातात दिले. बिलात वाचले त्यापेक्षा जास्त गेले, पण कोणाला देतेय ते मला माहीत होतं.

माशाबद्दलही बोलले. "पावसात असंच असतं, मॅडम," मॅनेजर म्हणाला.

बाबा दारात चप्पल घालत होते. त्यांना ते ऐकू गेलं.

"मग तसं आधी सांगायचं," ते म्हणाले. "मी मटण मागवलं असतं."