केसांचा रंग, मुळांची रेघ आणि अण्णांचा काळा डाय

‘नैसर्गिकच दिसायचं असेल तर रंग लावायचा कशाला?’ मास्तरांनी बसता बसताच निकाल देऊन टाकला आणि कट्टा पेटला.

निमित्त छोटीचं. तिला बालायाज करून घ्यायचंय. म्हणजे ब्रशने, हातानेच रंग ओढत न्यायचा. मुळांपाशी जवळजवळ काहीच नाही, टोकांकडे उजळ. तिचं म्हणणं, ‘उन्हाने केस आपोआप उजळलेत असं वाटतं आणि तीन-चार महिने पार्लरची पायरी चढायला नको.’

अण्णांना हे पटेना. ‘मी वर्षानुवर्षं काळा डाय लावतोय, घरच्या घरी. याहून सोपं काय असणार?’

‘किती दिवसांनी लावता?’ ताईने विचारलं. तिचं कामच केस रंगवायचं, त्यामुळे या विषयात तिला कोणी सहज गप्प करू शकत नाही.

‘दर दोन-तीन आठवड्यांनी.’

‘मग सोपं कुठे झालं, अण्णा?’

इथे मी ताईच्या बाजूने बोललो. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. काळ्याभोर केसांखालून पांढरं मूळ डोकावलं की दोन आठवड्यांतच भांगात रेघ दिसते, कानशिलांवर तर त्याही आधी. अण्णांचा डाय उडालेला नसतो, तो जिथे लावला तिथेच आहे. त्यांना पुन्हा वाटी-ब्रश घ्यायला लावते ती ही रेघ. म्हणूनच रंगाची निगा किती ठेवावी लागणार, हे ट्यूबवर काय छापलंय त्यावर ठरत नाही. लावलेला रंग आणि मुळातून येणारा रंग यांत किती अंतर आहे, त्यावर ठरतं. या हिशेबाने पांढऱ्या केसांवर गडद काळा हा सगळ्यात जास्त राबवून घेणारा रंग. चर्चेत शेवटपर्यंत मी हाच मुद्दा धरून होतो.

‘पण माझा अमोनिया-फ्री आहे,’ अण्णा म्हणाले.

‘वास कमी येतो, एवढंच,’ ताई म्हणाली. ‘अमोनियाच्या जागी बहुतेकदा मोनोइथेनॉलअमाइन असतं. केसाचं वरचं आवरण उघडायचं काम तेही करतंच. रंग आत पक्का व्हायला पेरॉक्साइड लागतं ते वेगळंच. आणि बहुतेक पक्क्या काळ्या डायमध्ये पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन, किंवा त्याच जातीचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं लावल्यावरही अचानक उठू शकते. तुम्ही पॅच टेस्ट करता?’

अण्णा काही बोलले नाहीत. ताईने बजावलं, की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दर वेळी 48 तास आधी त्वचेवर थोडासा लावून बघायचाच.

मास्तरांनी तेवढ्यात मेंदी पुढे केली. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला चांगलं धरून बसतं, हे खरं. पण पांढऱ्या केसांवर ती नारिंगी-तांबूस दिसते आणि मुळांची रेघ तिलाही चुकत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत कित्येकदा पीपीडीच घातलेलं असतं, तेव्हा नाव बाजूला ठेवून आधी घटक वाचावेत.

खरी वादावादी झाली ती छोटीने नमुना म्हणून आणलेल्या बालायाजच्या फोटोवरून. फोटोतला रंग राखाडी झाक असलेला फिका तपकिरी. छोटीचे केस काळे, दाट. ताईने तिला उन्हात उभं केलं, कपाळाजवळची एक बट आणि खालची टोकं हातावर पसरली आणि आम्हाला बघायला लावलं. एरवी काळे वाटणारे केस टोकांना चक्क तांबूस तपकिरी होते, मुळांपाशी गडद. एका डोक्यावर एवढ्या छटा मीही कधी निरखून पाहिल्या नव्हत्या. सगळीकडे एकसारखा रंग फासला की केस टोपासारखे दिसतात ते यामुळेच.

‘तुझ्यापाशी आहे ती झाक पकड,’ ताई म्हणाली. ‘दोन शेड उजळ, उबदार तपकिरी. फोटोतला रंग हवा असेल तर ब्लीच करावं लागेल. काळा केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. त्यावर टोनर, म्हणजे झाक बदलणारा हलका रंग, मारून राखाडी आणायचा. टोनर काही आठवड्यांत उतरतो आणि खालचा नारिंगी पुन्हा वर येतो.’

‘म्हणजे बालायाज कमी कटकटीचं नाही?’

‘मुळांपाशी नाहीच कटकट. पण टोकांना टोनर, पिवळी-नारिंगी झाक दाबणारा जांभळा-निळा शॅम्पू, कोरडेपणा, हे सगळं सांभाळावं लागेल.’

छोटी हिरमुसली, पण मला ताईचं बोलणं फार मोलाचं वाटलं. मूळचे केस फिके तपकिरी असतील तर हा प्रकार खरंच निवांत. काळ्या केसांवर तोच फोटो जसाच्या तसा उतरवायला गेलं, की निवांतपणाच हातचा जातो. हे खुर्चीत बसायच्या आधी सांगणारं माणूस हवं.

मास्तर मात्र हटेनात. ‘पांढरे आलेत तर पांढरेच ठेवा.’ ज्याला तसं आवडतं त्याने खुशाल ठेवावेत, छानच दिसतात. पण ज्याला रंग हवा आहे त्याला फक्त ‘सगळं झाका’ किंवा ‘सगळं सोडा’ एवढंच सांगणं मला मान्य नाही. मधली वाट आहे. ताई तिला ग्रे ब्लेंडिंग म्हणते. सगळे पांढरे झाकायचे नाहीत, त्यांच्यात बारीक उजळ-गडद बटा मिसळायच्या किंवा डेमी-परमनंट रंग लावायचा. तो साधारण वीस-पंचवीस धुण्यांत फिका होत जातो, त्यामुळे रेघ ठसठशीत दिसत नाही. पांढरे निम्म्याहून जास्त असतील तर मात्र तो पूर्ण झाकत नाही, त्यांची हलकी झाक दिसत राहते. मला तीच आवडते.

‘मग माझ्या काळ्यावर उद्या तपकिरी लावू?’ अण्णांनी विचारलं.

‘काही उपयोग नाही,’ ताई म्हणाली. ‘रंगावर रंग लावून केस उजळत नाही. पण तुमचे केस चार-पाच सेंटिमीटरचेच आहेत. डाय थांबवा, दर महिन्याला कापत राहा. चार-पाच महिन्यांत काळा सगळा कापला जाईल. तोवर फक्त मुळांना काळ्याहून दोन शेड फिका डेमी, थोडाच वेळ ठेवून.’

‘आणि पॅच टेस्ट?’

‘आज लावा, परवा मला दाखवा.’