खुलासा : कॅटामरान नेहमीच वेगवान नसते

‘एका सांगाड्याच्या बोटीपेक्षा दोन सांगाड्यांची कॅटामरान केव्हाही वेगवान, आरामदायी आणि सुरक्षित’, असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. (इथे बोलणं शिडाच्या बोटींचं आहे; सांगाडा म्हणजे बोटीचा पाण्यात तरंगणारा मुख्य भाग, ‘हल’.)

पाण्यालगतची लांबी ३६ फूट असलेल्या जड, एका सांगाड्याच्या बोटीचा वेग साधारण ८ नॉटच्या (ताशी सुमारे १५ किलोमीटर) आसपास अडतो, कारण ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. कॅटामरानचे अरुंद सांगाडे ही मर्यादा ओलांडतात, पण हलके असतील तरच. बोटीवर राहायचं म्हटलं की सामान वाढतंच. नुसतं ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो! वर डिझेल, बॅटऱ्या, सुटे भाग. मग वेग उरत नाही, आणि दोन सांगाड्यांना जोडणारा मधला तळ पाण्याजवळ आल्याने समोरून येणारी लाट खालून धाडकन आदळते. रात्री झोप लागत नाही.

नांगर टाकल्यावर मात्र कॅटामरानच सुखाची. टेबलावरचा कप हलत नाही.

सुरक्षिततेचा दावा सर्वांत धोकादायक. वजनदार कील (तळाखालचा पंखासारखा जड भाग) असलेली एका सांगाड्याची बोट कलंडली तरी सहसा पुन्हा सरळ होते. कॅटामरान उलटली तर तरंगते, पण उलटीच. ती कलून इशाराही देत नाही, म्हणून वाऱ्याचा वेग बघून शीड वेळेत कमी करावंच लागतं.