खोकं वाचणारे काका

परवा घरी आलेल्यांना थंडी म्हणून गाजर-टोमॅटोचं सूप दिलं, तारीफही झाली, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका पाणी प्यायला किचनमध्ये गेले ते ओट्यावरचा स्टॉक क्यूबचा, म्हणजे पाण्यात विरघळवून सूपसाठी तयार स्टॉक करायच्या वडीचा, चकचकीत कागद चिमटीत धरूनच बाहेर आले. जसा काही उंदीर सापडला.

कागदावर काही लिहिलेलं नव्हतं तर परत आत जाऊन खोकं शोधून आणलं! चष्मा कपाळावरून नाकावर, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचन.

"पहिलंच काय लिहिलंय? मीठ!"

"हो काका, ज्याचं वजन जास्त ते आधी लिहितात. म्हणून तर मी वरून मीठ घातलंच नाही."

"म्हणजे मिठाचं पाणी पाजलंस आम्हाला."

"गाजरं आहेत ना त्यात."

"गाजरं काय, घोडेपण खातात."

सगळे हसले, आमचे हे सर्वात आधी. मग काकांनी एक घोट घेतला, "जरा फिकंच आहे" म्हणाले आणि टेबलावरची जिरावनची, म्हणजे आपल्या इंदुरी मसाल्याची, डबी सुपात उपडी केली. जिरावन! ज्यात काळं मीठ असतं! रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, हाच मसाला भुरभुरवून घेताना कधी विचारलंय का, की भिया, यात काय काय आहे?

आणि क्यूब हे काही आजचं फॅड नाहीये. स्वित्झर्लंडच्या युलियस मॅगीने 1908 मध्ये असे क्यूब बाजारात आणले, 1910 ला इंग्लंडात ऑक्सोचे आले, म्हणजे तिकडच्या बायका शंभराहून जास्त वर्षं हेच पाण्यात विरघळवतायत. आपल्याकडेही पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या पाण्याची कटाची आमटी होतेच की, तो स्टॉकच झाला ना, पण डाळ रोज कोण शिजवून गाळणार, आणि भाज्यांची सालं-देठं तासभर उकळत ठेवून ते पाणी गाळून घ्यायचं तर सिलेंडर काय काका भरून देणारेत? ज्यांनी जन्मात गॅस पेटवला नाही त्यांनाच घरचं, ताजं, अस्सल सगळं पाहिजे. त्यांचं काय जातंय, खुर्चीत बसून वाचायचंच तर आहे.

काकूंनी मात्र गुपचूप वाटी पुढे केली, अजून थोडं वाढ म्हणाल्या. काका लगेच, "हिला बीपी आहे हं!"

कशाने आहे ते मी बोलले नाही.